कातालोनियाची सायकल-प्रदक्षिणा

सायकल म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे शाळेची वाट उभी राहते. पस्तीस वर्षे आम्ही तिच्यावरूनच शाळेत गेलो. परंतु तिच्याविषयी कधी चार ओळी लिहाव्यात असे मनात आले नाही. मध्यंतरी नातवाने दूरदेशीच्या एका शर्यतीची हकीकत आम्हांस सांगितली. जो पुढे पळाला तो जिंकला, एवढीच शर्यतीविषयी आमची आजवरची समजूत. ती किती अपुरी होती, हे त्या शर्यतीचा इतिहास पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले. तोच येथे थोडक्यात देत आहोत.

स्पेनच्या ईशान्येस, पिरेनीज पर्वत आणि भूमध्य समुद्र यांच्या कुशीत कातालोनिया हा प्रांत वसला आहे. बार्सिलोना ही त्याची राजधानी. तेथील लोकांची कातालान भाषा स्पॅनिशहून निराळी, आणि तिचा अभिमानही त्यांना मोठा. त्या भाषेत ‘व्होल्टा’ म्हणजे फेरी. ‘व्होल्टा आ कातालुन्या’ म्हणजे आपल्या भाषेत कातालोनियाची प्रदक्षिणाच होय!

फ्रान्सची सुप्रसिद्ध शर्यत १९०३ साली आणि इटलीची १९०९ साली सुरू झाली. ते पाहून बार्सिलोनातील क्रीडाविषयक पत्रकारांच्या मनाने घेतले की, आपल्या प्रांतासही अशी शर्यत हवी. मिकेल आर्तेमान आणि नार्सीस मास्फेर्रेर ही त्यांतील प्रमुख नावे. १९११ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, पहिली प्रदक्षिणा निघाली. बार्सिलोनाहून तार्रागोना, तेथून येइदा आणि येइदाहून परत बार्सिलोना, अशा तीन मजला. एकूण अंतर सुमारे ३६० किलोमीटर. अशा शर्यतीत प्रत्येक दिवशी लागलेला वेळ मोजून त्याची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी ठरतो. पहिला मान सेबास्तिया मास्देउ या स्वाराने मिळविला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सबंध स्पेन देशाची शर्यत १९३५ साली निघाली. म्हणजे प्रांताने राष्ट्राच्या चोवीस वर्षे आधी हे कार्य हाती घेतले!

परंतु आरंभ करणे निराळे आणि टिकविणे निराळे. १९१४ ते १९१९ या सहा वर्षांत शर्यत झालीच नाही. १९२० साली पुन्हा सुरू झाली, आणि पुढील दोन वर्षे परत खंड पडला. १९२३ पासून मात्र तिने चांगले मूळ धरले, आणि याच सुमारास तिला तिचा वीर लाभला. त्याचे नाव मारियानो कान्यार्दो. जन्माने तो कातालान नव्हे. १९०६ साली नाव्हार्रा प्रांतातील ओलिते या गावी जन्मलेला. पोरकेपणी तो बार्सिलोनास आला आणि त्या नगरीने त्याला आपला म्हटले. १९२८ ते १९३० ही तीन वर्षे लागोपाठ आणि पुढे १९३२, १९३५ व १९३६ साली त्याने ही शर्यत जिंकली. १९३६ च्याच जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. भावाने भावावर शस्त्र धरले. प्रदक्षिणा दोन वर्षे बंद पडली. १९३९ साली युद्ध संपले आणि त्याच वर्षी उद्ध्वस्त प्रांतातून सायकली पुन्हा निघाल्या. तेव्हाही विजयी झाला तो कान्यार्दोच! सात विजयांचा त्याचा विक्रम आजतागायत अबाधित आहे.

तेव्हापासून २०२० साली महामारीने अडविले तेवढा एक अपवाद सोडला, तर ही प्रदक्षिणा एकाही वर्षी चुकलेली नाही. आंकतिल, मर्क्स, इंदुराइन अशा जगद्विख्यात स्वारांची नावे तिच्या विजेत्यांत आहेत. २०१० पासून ती मार्च महिन्यात होते. २०२४ साली स्त्रियांचीही अनेक दिवसांची स्वतंत्र शर्यत सुरू झाली.

आता आमची समजूत अपुरी कशी, ते सांगतो. स्वाराचा खरा शत्रू चढण नव्हे, वारा होय. पुढच्याच्या पाठीशी लागून सायकल चालविली असता मागच्याचे श्रम पुष्कळच कमी होतात. म्हणून संघातील एकाला जिंकविण्यासाठी बाकीचे आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेतात, त्याला पाणी आणून देतात, आणि प्रसंगी आपले चाक काढून त्याच्या सायकलीस लावतात. फ्रेंच भाषेत अशा स्वारास ‘दोमेस्तीक’, म्हणजे घरगडी, म्हणतात. विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

हे ऐकले आणि आम्हांस आमच्या दादाची आठवण झाली. सातवीनंतर शाळा सोडून तो एका दुकानी हिशेब लिहू लागला, तो आमची फी भरता यावी म्हणून. आम्ही मॅट्रिक झालो त्या दिवशी पेढे त्यानेच वाटले. पुढे आम्ही मास्तर झालो, लोक नमस्कार करू लागले; ज्या सायकलीवरून शाळेत जात होतो तीही त्यानेच घेऊन दिलेली होती. तो गेला त्यास आता बरीच वर्षे झाली. त्याच्या हयातीत हे त्याला बोलून दाखवावयाचे आमच्याकडून राहूनच गेले. एकत्र कुटुंबात वारा अंगावर घेणारा असा कोणीतरी बहुधा असतोच. वाचकांच्या घरी तो आज असेल, तर त्यांनी आमच्यासारखा उशीर करू नये.