जीपची कटकट

जीपच्या पोटातून येणाऱ्या ‘टक्‌टक्‌’ आवाजावर व्याख्यान कशाला, असे कोणी विचारील. आमचा या आवाजाशी संबंध आला तो यंत्राच्या हौसेने नव्हे. गाडीत काही मोडले की ‘ड्रायव्हरने वाईट चालविली’ असा शेरा पडतो आणि भरपाई पगारातून कापली जाते. मोडलेला भाग काय सांगतो हे समजल्यावाचून त्या ड्रायव्हरची बाजू मांडता येत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्याच घडणीची जुनी गाडी उदाहरणाला घेऊ. इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून ‘ट्रान्सफर केस’ नावाच्या दुसऱ्या पेटीत जाते. तेथून एक दांडा मागच्या आसाकडे जातो, एक पुढच्या. हे प्रोपेलर शाफ्ट. खाचखळग्यांत आस वरखाली होतो, म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना लवणारा सांधा लागतो : अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर टोप्या आणि टोप्यांत सुईसारखे बारीक रूळ. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याचे नाव या सांध्याला मिळाले आहे. आमचे मिस्त्री त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. वाकून फिरताना हा सांधा दांड्याला एका फेरीत दोनदा पुढे ढकलतो व दोनदा मागे रेंगाळवितो. एका टोकाची ही खोड दुसऱ्या टोकाने फेडावयाची असते. दांड्याचे दोन तुकडे दात चुकवून बसविले तर गाडी थरथरते आणि नवा क्रॉसही लवकर झिजतो. त्यावर खुणेचे बाण असतात ते शोभेसाठी नव्हेत! पुढच्या चाकांना ओढावयाचेही असते आणि वळावयाचेही. म्हणून त्यांच्याशी आणखी एकेक सांधा असतो.

आता आवाज कोठला, हे कसे ओळखावे? मोजून. चाकावर खडूची खूण करावी, गाडी पावलाच्या गतीने चालवावी आणि एकाने बाजूने चालत कान द्यावा. चाकाच्या एका फेरीला एकच ‘टक्‌’ आली तर दोष बहुधा चाकापाशी : सैल नट, बेअरिंग किंवा टायरात रुतलेला खडा. (एका खड्यापायी आख्खा आस उघडलेला आम्ही पाहिला आहे.) फेरीला पाच-पाच टकटकी आल्या तर प्रोपेलर शाफ्टकडे पाहावे, कारण या जीपमध्ये चाकाच्या एका फेरीत तो ५.३८ वेळा फिरतो. क्लच सोडताच एकदाच ‘ठक्‌’ झाले तर कोठेतरी सांध्याला ढिलाई आली आहे. इंजिन बंद करावे, चाकांना दगड लावावेत आणि दांडा हाताने पिळून पाहावा.

पुढच्या चाकांची ओढ तोडणारा दांडा ओढल्यावर आवाज थांबला, तर संशय पुढच्या बाजूवर. फक्त वळणावरच येत असेल तर चाकाजवळच्या सांध्यावर. मात्र ही परीक्षा मातीत करावी. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट चालतात, आणि या गाडीत पुढचा-मागचा दांडा एकत्र जखडलेला असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ताण निसटावयास जागा नसते. मग गाडी अडखळते, धडधडते. तो बिघाड नव्हे.

क्रॉस उघडल्यावर टोपीत तांबूस कोरडी भुकटी निघाली तर तेथे कित्येक दिवस ग्रीस पोचलेले नाही. तुटलेल्या पृष्ठाचा काही भाग काळवंडलेला असेल तर चीर जुनी आहे. ग्रीस ताजे, पृष्ठ सगळे चकचकीत दाणेदार, असे असेल तरच जबर धक्क्याचा संशय घ्यावा. एका कामाच्या ठिकाणी आम्ही साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ती तांबडी भुकटी ओतली. ड्रायव्हरने आवाजाची नोंद वहीत तीन वेळा केलेली होतीच. कापलेला पगार त्याला परत मिळाला. ग्रीसगन यावयास मात्र आणखी दोन महिने लागले.