बर्फाला कानटोपी

परवा माझी आणि माझ्या भाचीची पैज लागली. दोन सारख्या वाट्या घेतल्या, दोन्हींत बर्फाचे चार-चार खडे टाकले. एक वाटी ओट्यावर तशीच ठेवली. दुसरी माझ्या लोकरीच्या कानटोपीत बसवली आणि वरून मफलर गुंडाळला.

"सांग, आधी कुठला बर्फ वितळणार?"

"टोपीतला! कानटोपी गरम असते ना, मामा," असं म्हणून तिने एक चिक्की पणाला लावली.

तासाभराने पाहिलं, तर ओट्यावरच्या वाटीत पाणीच पाणी, त्यात बर्फाचा एवढासा कपचा. टोपीतले खडे मात्र अजून ऐटीत तरंगत होते. चिक्की मी जिंकली. (अर्धी तिला दिली, उगाच घरात भांडण नको.)

म्हणजे झालं काय? अहो, स्वेटरला स्वतःची ऊब नसतेच! कपाटातल्या स्वेटरमध्ये थर्मामीटर ठेवून बघा, तो कपाटाइतकाच गार निघेल. खरी शेगडी तुम्ही आहात. पोहे, भाकरी, लाडू असं काय काय पोटात जातं आणि त्यावर तुमचं अंग ३७ अंशांच्या आसपास तापलेलं राहतं. ती ऊब पळू न देणं एवढंच कपड्याचं काम. बर्फाच्या वाटीशी तोच पहारेकरी उलटा वागला, त्याने बाहेरची ऊब आत येऊ दिली नाही. बर्फाच्या लाद्या भुशात नि गोणपाटात का गुंडाळून ठेवतात, ते आता कळलं?

पण पहारेकरी म्हणजे लोकर नव्हे बरं का. पहारेकरी आहे हवा! हवा स्थिर असली की तिच्यातून उष्णता फार रखडत जाते. अडचण एवढीच की हवा एका जागी ठरत नाही, तिला कोंडून ठेवावं लागतं. जुन्या स्वेटरचं सुटलेलं टोक उलगडा आणि भिंगाखाली धरा. एक केस सरळ दिसेल तर शपथ! सगळे नागमोडी. त्यामुळे ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत, मधे फटी राहतात आणि फटीफटीत हवा अडकते. आजीच्या गोधडीतही तीच युक्ती आहे, लुगड्यांच्या थरांमध्ये हवा. एका जाड सदऱ्यापेक्षा दोन पातळ सदरे एकावर एक घातले तर जास्त ऊब लागते, तेही यामुळेच.

मग थंडीत सुती कपडेच का घालू नयेत? घाला की, पण कोरडे आहेत तोवरच. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं, फटींतली हवा जाऊन तिथे पाणी बसतं. आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने ऊब पळवतं. खेळून घामाघूम झाल्यावर वाऱ्यात हुडहुडी भरते, ती अशी.

आता धनगरबाबांची घोंगडी आठवा. पावसात तिचीच खोळ करून डोक्यावरून घेतात आणि मेंढरांमागे चालतात. लोकरीचा केस बाहेरून थोडा तेलकट असतो, म्हणून पावसाचे थेंब त्यावरून घरंगळतात. आतून मात्र तो हवेतली वाफ शोषतो. किती? स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के, आणि तरी हाताला ओला लागत नाही!

इथे मला एक कबुली द्यायची आहे. लोकरीला स्वतःची ऊब नसते असं मी ठणकावून सांगितलं, ते पुरतं खरं नाही. वाफ शोषताना लोकर थोडी उष्णता बाहेर टाकते. म्हणजे कोरड्या घरातून दमट गारव्यात पाऊल टाकलंत, की काही वेळ लोकर खरोखरच तुम्हाला चिमूटभर शेक देते. भाचीला मी हे अजून सांगितलेलं नाही. चिक्की परत मागेल.

आजकालचं फ्लीसचं जाकीटही हवा कोंडण्याचीच युक्ती वापरतं, फक्त ते प्लॅस्टिकच्याच जातीच्या धाग्याचं असतं. हलकं, पटकन वाळणारं. पण जोराचा वारा त्यातून सरळ आत घुसतो.

राहता राहिलं लोकरीचं टोचणं! दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. सणगर विणकर खड्डामागावर तिची घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे नवी घोंगडी चांगलीच कडक असते. जाड केसाचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं, म्हणून खाज सुटते. बारीक केस मात्र लगेच वाकतो. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांना हिवाळ्यात लांब केसांखाली मऊ लव येते. वसंतात ती विंचरून काढतात, तीच पश्मिना. तिचा एक केस तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या जेमतेम पाचव्या भागाइतका जाड. टोचणार कसा?

माझ्याकडे पश्मिना नाही, घोंगडी आहे. आत लांब बाह्यांचा सुती सदरा घालतो आणि खुशाल पांघरतो. भाचीला आता घोंगडी विरुद्ध गोधडी असा सामना लावायचाय. बर्फ तयार आहे, आणि या वेळी चिक्क्या दोन.