सर पासची पहिली सफर

मे महिना आला की रत्नागिरीची माणसं एकतर आंबे उतरवण्यात गुंतलेली असतात, नाहीतर मुंबईच्या नातेवाइकांकडे आंब्याच्या पेट्या पोचवण्यात. या वेळी आम्ही आठ जण दोन्ही कामं दुसऱ्यांच्या गळ्यात टाकून हिमाचलला गेलो. पी.टी.चे सर, आपा, शाळेतले आणखी तिघे सहकारी, आम्ही नवराबायको आणि कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली आमची मुलगी. डोंगर म्हणजे आमच्यासाठी आंबा घाट. त्यापलीकडची उंची कुणीच पायाने चढलेली नव्हती.

कुल्लू जिल्ह्यातला सर पास हा पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्यांचा आवडता ट्रेक आहे. एक तर तो मे महिन्यात असतो, म्हणजे शिक्षकांना रजा मागावी लागत नाही. दुसरं म्हणजे तंबू, जेवण, वाटाड्या सगळं आयोजक पाहतात. ‘सर’ म्हणजे तिकडच्या बोलीत तळं. वर खिंडीजवळ एक छोटं तळं आहे, बहुतेक काळ गोठलेलं, त्यावरून हे नाव पडलं. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र नावाची फार गंमत वाटली. शेवटच्या दिवशी दहावीच्या वर्गातून आवाज आला, “सर, पास होऊन या!” पी.टी.चे सरही हसले होते.

तयारी सरांनीच करून घेतली. फेब्रुवारीपासून रोज फजरनंतर चालणं, रविवारी पाठपिशवीत आठ किलो तांदूळ घालून रत्नदुर्गाचा चढ. कोण किती मिनिटांत वर आलं हे ते एका छोट्या वहीत लिहीत. स्वतः ते नेहमी पहिले, आपा नेहमी शेवटच्या. आपांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत, गुडघा थोडा कुरकुरतो. मार्चमध्ये सर त्यांना जरा अवघडूनच म्हणाले, “आपा, वाईट मानू नका, पण तुमच्यामुळे ग्रुपचा वेळ वाढेल.”

आपा म्हणाल्या, “वाढू दे की सर. शाळा जूनच्या मध्याला उघडते.”

सामानाबद्दल चार गोष्टी सांगतो, कारण परत आल्यापासून भगिनींचे सर्वात जास्त प्रश्न त्यावरच आले आहेत. बूट महिनाभर आधी घेऊन वापरावेत. नवा बूट डोंगरावर घालणं म्हणजे फोडांना दावत देणं. सुती कपडे घरी ठेवावेत, ते घामाने भिजले की वाळत नाहीत आणि अंगावरच थंड होतात. सैल सलवार-कुर्ता चालतो, फक्त कापड चटकन वाळणारं हवं. ओढणीपेक्षा शिवलेला स्कार्फ बरा, तो काठीत आणि फांद्यांत अडकत नाही. आमच्या ट्रेकमध्ये स्त्रियांचे तंबू वेगळे होते आणि जेवण पूर्ण शाकाहारी, त्यामुळे हलालचा प्रश्न आला नाही. प्रवासात असल्याने नमाज कसर पढत होतो. वुजूचं पाणी मात्र हाडांपर्यंत जातं, हे मनात धरूनच निघावं.

मंगला एक्सप्रेसने दिल्ली, तिथून रात्रभर बसने भुंतर, आणि पार्वती नदीच्या कडेकडेने कसोल. कसोलची उंची सुमारे १,६०० मीटर. एक दिवस तिथे थांबून सराव झाला. दुसऱ्या दिवशी ग्रहण नाल्याच्या काठाने, देवदारांच्या सावलीतून ग्रहण गावापर्यंत चाललो. लाकडी घरांचं छोटंसं गाव, उंची सुमारे २,३५० मीटर. एका घराच्या ओट्यावर बसून चहा घेतला. घरच्या आजीबाईंनी आपांना वय विचारलं, स्वतःचं सांगितलं, आणि दोघी बराच वेळ गुडघ्यांविषयी बोलल्या. आपांची उर्दू आणि त्यांची पहाडी. किती कळलं कुणास ठाऊक, पण निघताना आजीबाईंनी हात धरून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी मिन थाच. थाच म्हणजे डोंगरावरचं गवताळ कुरण, जिथे उन्हाळ्यात मेंढ्या चरतात. उंची सुमारे ३,४०० मीटर. म्हणजे एका दिवसात आम्ही हजार मीटर चढलो. आता घरी बसून वाचल्यावर कळतं की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचावू नये असा सर्वसाधारण नियम आहे. पत्रकात प्रत्येक मुक्कामाची उंची छापलेली होती. आम्ही सगळे शिकलेले, पदव्या घेतलेले. पण पत्रक वाचताना फक्त दिवस आणि रुपये मोजले.

एक गैरसमज आमचाही होता. वर हवेत प्राणवायू ‘कमी’ असतो असं आपण म्हणतो. प्रमाण तेच असतं, शेकडा एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासात पदरी पडणारा प्राणवायू कमी. ३,८०० मीटरवर तो समुद्रकाठच्या साठ-पासष्ट टक्के एवढाच राहतो. शरीर हळूहळू सवय करून घेतं, पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ प्रत्येकाचा वेगळा. रोज किती किलोमीटर धावता याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट धडधाकट माणूस भराभर चढतो आणि शरीराला तो वेळच देत नाही.

मिन थाचला सर सगळ्यांच्या पाऊण तास आधी पोचले होते. तंबूंमागे जाऊन त्यांना उलटी झाली. आपांनी पाहिलं, विचारलं. “राजमा बाधला,” ते म्हणाले. रात्री डोकं दुखत होतं म्हणून त्यांनी पॅरासिटामॉल घेतली, सकाळी आणखी एक. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी आम्ही मिन थाचच्या कडेला फुललेल्या बुरांसाचे फोटो काढण्यात दंग होतो.

चौथा मुक्काम नगारू, सुमारे ३,८०० मीटर. धारेवर लावलेले तंबू, चारी बाजूंना बर्फ, आणि वारा असा की दोन तंबूंमधलं बोलणं ओरडून करावं लागे. पाणी बर्फ वितळवून मिळत होतं. इंधन मोजकं, त्यामुळे वुजूसाठी ऊन पाणी मागणं बरं वाटेना. त्या रात्री आम्ही तयम्मुम केलं. गाइडने सगळ्यांना बोलावून सांगितलं की पहाटे तीनला निघायचं. ऊन वर आलं की बर्फ मऊ होतं आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो, म्हणून खिंड सकाळीच ओलांडायची.

सर जेवायला आले नाहीत. आपा ताट घेऊन त्यांच्या तंबूपाशी गेल्या. सर बूट घालत बसले होते, डाव्या पायातला उजव्या पायात. आपांनी ताट तिथेच ठेवलं आणि थेट गाइडला गाठलं.

सर भडकले. एवढ्या वर्षांत आम्ही त्यांना आपांशी आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं. “थोडंसं डोकं दुखतंय, एवढ्यावरून तमाशा कशाला?”

आपा शांतपणे म्हणाल्या, “सर, तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळलेत मी. पोट खरंच दुखतंय की गृहपाठ राहिलाय, ते मला चेहऱ्यावरून कळतं. तुमचं दुखतंय, आणि तुम्ही लपवताय.”

गाइड पंचविशीतला पहाडी मुलगा. त्याने बोटाला लावायचं यंत्र काढलं. आमचे आकडे ८५ च्या आसपास होते, सरांचा ६९. मग त्याने तंबूबाहेर काठीने बर्फात एक रेष ओढली. “सरजी, इस लकीर पर चलके दिखाइए. एडी के आगे पंजा.” आयुष्यभर मैदानावर चुन्याच्या रेषा आखणारा माणूस त्या पंधरा फुटांच्या रेषेवरून तीनदा घसरला. तिसऱ्यांदा तोल गेला तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं. ते पाहणं आम्ही विसरणार नाही.

गाइडने चर्चा केली नाही. मेंदूला सूज येऊ लागल्याचं हे लक्षण असू शकतं, आणि त्यावर खरा इलाज एकच, खाली उतरणं. सकाळची वाट न पाहता. त्याने छोट्या सिलिंडरमधून सरांना ऑक्सिजन दिला आणि मदतनिसाला दोर घ्यायला सांगितलं. मग विचारलं, आणखी कुणाला काही त्रास? दोन क्षण कुणी बोललं नाही. मग आमच्या दोघांपैकी एकाने कबूल केलं की संध्याकाळपासून आपलंही डोकं धरलं आहे. आदल्या दिवशी विचारलं असतं तर आम्हीही ‘राजमा’च म्हणालो असतो.

म्हणजे आम्ही दोघे सरांबरोबर खाली जाणार हे ठरलं. उरला मुलीचा प्रश्न. तिला काहीही होत नव्हतं, आकडा ८८. ती बोलली नाही, नुसती बघत राहिली. परतीला खिंड ओलांडून दुसऱ्या बाजूला बरशैणीला उतरायचं, म्हणजे तीन दिवस ती आमच्या नजरेआड, बर्फात, फोन नाही. एकोणीस वर्षांची मुलगी. घरी तिच्या दादीने निघताना आमच्याकडून वचन घेतलं होतं की पोरीला एकटी सोडायची नाही.

आपा म्हणाल्या, “एकटी कुठे आहे? मी आहे ना. माझ्या वेगाने चालेल ती, म्हणजे पडायला वेळच मिळणार नाही.”

आम्ही तिला जाऊ दिलं. बरोबर केलं की चूक, हे ठरवायला त्या रात्री सवड नव्हती.

साडेनऊला निघालो. पुढे मदतनीस, टाचेने बर्फात पायऱ्या पाडत. मग दोराला बांधलेले सर, मागे आम्ही. डोक्याला लावलेल्या दिव्याच्या उजेडात फक्त पुढच्याचे बूट दिसत. सर पहिला तासभर तेच तेच बोलत होते, मैदानाची किल्ली कपाटात राहिली, शिपायाला सांगा. आम्ही “सांगतो, सर” म्हणत होतो. मनात आयतुल कुर्सी चालू होती. मिन थाचच्या बरंच वर एकदा त्यांनी थांबून विचारलं, “आपण कुठे आहोत?” उतरतोय म्हटल्यावर “बरं” म्हणाले. तो पहिला सरळ प्रश्न होता.

एक वाजता मिन थाचला पोचलो. उतरलो होतो जेमतेम चारशे मीटर, पण फरक डोळ्यांना दिसत होता. फजरच्या वेळी त्यांनी चहा मागितला आणि तो पोटात राहिला. नमाजनंतर आम्ही वर पाहिलं. धारेवर पहिलं ऊन आलं होतं, माणसं दिसण्याइतकं अंतर नव्हतंच. तरी पाहत राहिलो.

दुपारपर्यंत ग्रहण, दुसऱ्या दिवशी कसोल, मग कुल्लूला डॉक्टर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वेळेवर उतरलात, आता काळजी नाही. कसोलला फोनला रेंज आली आणि पहिला फोन दादीचा.

“पोरगी कुठे आहे?”

“मागून येते आहे, अम्मी.”

“मागून म्हणजे? तुम्ही पुढे आणि ती मागे?”

काय सांगणार! खरं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “आपा आहेत ना बरोबर?” आणि फोन ठेवला.

सर त्या दोन दिवसांत फार बोलले नाहीत. नदीकाठी बसत. एकदा आपणहून म्हणाले, “शाळेत पोरगं लंगडत आलं की मी म्हणतो, नाटकं करू नकोस, पळ. किती जणांना म्हटलं असेल?” आम्ही उत्तर दिलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी बरशैणीहून जीप आली. पाचही जण उतरले, नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले. मुलगी गळ्यात पडली आणि एका दमात सगळं सांगू लागली. उभ्या बर्फाच्या उतारावर दोर धरून आडवं चालायचं, खाली पाहायचं नाही. खिंडीपलीकडे बर्फावर बसून घसरत उतरायचं, आणि आपा घसरताना मोठ्यांदा हसत होत्या, इतक्या की गाइडही हसायला लागला. आपा मात्र सरळ सरांकडे गेल्या, आधी त्यांचा चेहरा नीट पाहिला, मग म्हणाल्या, “आता ठीक दिसताय.”

“किती वाजता पोचलात वर?” सरांनी विचारलं.

“गाइड म्हणाला होता आठला. पावणेनऊ झाले. माझ्यामुळे.”

सरांनी खिशातून ती छोटी वही काढली आणि आपांच्या नावापुढे लिहिलं, पावणेनऊ.