फौज शेवटी येते

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरात एक तलवार विक्रीला आली. सरळ, लांब, युरोपीय बनावटीचे पाते आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांचे नाव व 'सेनासाहेबसुभा' हा त्यांचा किताब. महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत उतरली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत ती साहेबाच्या हाती लागली असावी, असा कयास तेव्हा मांडला गेला. त्याच लढाईत बर्डीच्या टेकडीवर जे इंग्रज अंमलदार पडले, त्यांत नागपूरच्या रेसिडेंटचा मदतनीस जॉर्ज सदबी हाही होता. आडनावाचा योगायोग, दुसरे काय!

नागपूरकरांना ही लढाई साधारण ठाऊक असते. २६ नोव्हेंबरची संध्याकाळ ते २७ ची दुपार, जवळपास अठरा तास. आप्पासाहेब भोसल्यांची मोठी फौज, त्यात अरबांची पथके. समोर टेकडीवर कर्नल स्कॉटचे जेमतेम चौदाशे लोक. जिंकता जिंकता हरलेली लढाई म्हणून ती सांगितली जाते आणि चूक कोणाची यावर वाद रंगतो. पण निकाल त्या टेकडीवर लागलाच नव्हता. युक्रेन, इराक, अफगाणिस्तान यांवर आपल्याकडे चौकाचौकांत हिरिरीने बोलले जाते. परकी फौज घरात कशी शिरते, याचा धडा मात्र आपल्या महालात आणि बर्डीवर पडून आहे, आणि तो लढाईच्या चौदा वर्षे आधीपासून वाचावा लागतो.

१८०३ च्या डिसेंबरात, अडगाव आणि गाविलगड हातचे गेल्यावर, दुसऱ्या रघूजींनी देवगावचा तह केला. कटक गेले, वर्धेपलीकडचा वऱ्हाड गेला. याच तहामुळे नागपुरात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट, कायमचा येऊन बसला. मुलूख गेल्याचे दुःख सगळ्यांना झाले. रेसिडेंट आल्याचे फारसे कोणाला वाटले नसावे. पहिला आला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, वय अवघे चोवीस. त्याच्यामागून १८०७ मध्ये रिचर्ड जेंकिन्स आला, तो तर बाविशीतला. हा जेंकिन्स पुढे जवळजवळ वीस वर्षे नागपुरात ठाण मांडून होता.

रेसिडेंट करायचा काय? दरबारात हजेरी लावायची, नजराणे द्यायचे-घ्यायचे, हे वरवरचे. खरे काम बातमीचे. हरकारे, अखबारनवीस, मुनशी यांचे जाळे प्रत्येक रेसिडेन्सीच्या पदरी असे. आज राजाला कोण भेटले, किती वेळ बसले, कोणता सरदार रुसून गावी गेला, कोणत्या सावकाराने हात आखडता घेतला, पुण्याहून जासूद आला तो कोणाच्या वाड्यावर उतरला, हे सगळे टिपून कलकत्त्याला जाई. यातले बरेचसे चारचौघांत दिसणारेच. एकेक तुकडा कवडीमोलाचा. सगळे तुकडे एकाच टेबलावर आले की दरबाराच्या नाडीपरीक्षेचा तक्ता तयार. आज आपल्या मोबाइलमधून कोण कोणाशी किती वेळ बोलले, कुठे गेले, काय विकत घेतले एवढेच गोळा होते, मजकूर कोणी वाचत नाही, असे सांगून आपली समजूत घातली जाते. जेंकिन्सला या समजुतीचे हसू आले असते. त्यालाही प्रत्येक वेळी मजकुराची गरज नव्हती.

दुसरे रघूजी कच्चे नव्हते. कंपनीची तैनाती फौज पदरी घ्या, असा आग्रह त्यांना वर्षानुवर्षे होत राहिला आणि ते टाळत राहिले. १८०९ मध्ये पठाण सरदार अमीरखान नागपूरच्या मुलखावर चालून आला, तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटोने मदतीला फौज पाठवली. रघूजींनी ती मागितलेली नव्हती. उपकार करून ठेवला की पुढे उल्लेख करायला सोयीचे जाते, हे व्यवहारात मुरलेल्या माणसाला कळते. रघूजींनी उपकार मानले असतील, पण कागदावर सही केली नाही. २२ मार्च १८१६ रोजी ते वारले.

आणि मग सव्वादोन महिन्यांत सगळे उलटले. मुलगा परसोजी गादीवर आला. तो शरीराने आणि मनाने दुबळा, कारभार झेपण्यापलीकडचा. रघूजींचा पुतण्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब याला कारभार हवा होता. वाड्यात त्याच्या विरोधात दुसरा गट उभा होता. कोण कोणाला घाबरतो आहे आणि कोणाला कशाची निकड आहे, याचा हिशेब बारा वर्षे रेसिडेन्सीत लिहिला जात होताच. आप्पासाहेबाला पाठबळ हवे होते, जेंकिन्सला तह. २७ मे १८१६ रोजी गुपचूप सही झाली. थोरल्यांनी जन्मभर नाकारले ते धाकट्याने घरातल्या भाऊबंदांच्या धास्तीने घेतले.

त्या तहाची कलमे म्हणजे परकी फौज बोलावण्याचा जणू नमुना-करार. कंपनीचे पायदळ, घोडदळ, तोफखाना नागपूरच्या मुलखात राहील. खर्चापोटी नागपूरने वर्षाला साडेसात लाख रुपये द्यावेत. वर स्वतःचीही ठरावीक फौज कंपनीच्या कामासाठी सज्ज ठेवावी. आणि कंपनीला विचारल्याशिवाय कोणत्याही दुसऱ्या दरबाराशी व्यवहार करू नये. लोक पैशाच्या कलमावर बोट ठेवतात. माझ्या मते गळफास या शेवटच्या कलमात आहे. त्या दिवसापासून नागपूरच्या राजाने पुण्याला पेशव्यांना लिहिलेले साधे पत्रही गुन्ह्याचा पुरावा ठरू शकत होते.

इथे एका संगणकी खेळाचा दाखला देतो. ज्येष्ठ वाचकांनी नाक मुरडू नये. 'स्कायरिम' हा २०११ मध्ये आलेला खेळ अजूनही पोरे रात्र रात्र खेळतात. ड्रॅगन, जादू, तलवारी, सगळा अद्भुताचा कारभार. पण गोष्टीचा गाभा काय, तर राजा मारला गेला आहे आणि राज्यात यादवी पेटली आहे. कोणत्या बाजूने लढायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे. शिवाय एक तिसरी परकी सत्ता आहे, थाल्मोर नावाची. युद्ध जिंकून तिने साम्राज्यावर तह लादला आहे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला आपली माणसे देशभर फिरवली आहेत. खेळात एका टप्प्यावर खेळणारा पाहुणा बनून थाल्मोरांच्या वकिलातीतल्या मेजवानीला जातो आणि हळूच आतल्या दालनांत शिरतो. तिथे त्याला बंडखोरांच्या पुढाऱ्यावरची फाइल सापडते. त्यात नोंद असते की हा माणूस आपल्या उपयोगाचा आहे, त्याचा विजय होऊ देऊ नये, पण यादवीही मिटू देऊ नये. ज्याच्या नावाने पोरे तलवार उपसून लढत असतात, तो दुसऱ्याच कोणाच्या कपाटातला कागद निघतो. रेसिडेन्सी म्हणजे काय, हे शालेय पुस्तकातल्या 'तैनाती फौजेच्या' चार ओळींपेक्षा या एका प्रसंगातून जास्त कळते. फरक एवढाच की स्कायरिममध्ये बाजू घेणारा परका फौजेचे बिल राजाच्या नावावर फाडत नाही आणि कंटाळा आला की ड्रॅगन मारायला निघून जातो.

जेंकिन्स कुठे जाणार नव्हता. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मेलेला आढळला. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होता. खून असल्याचा आरोप इंग्रजांनी नंतर ठेवला, पण त्या वेळी त्यांनी नव्या राजाला बिनतक्रार मान्यता दिली. सोयीच्या वेळी उघडण्यासाठी ते प्रकरण कपाटात राहिले. नोव्हेंबरात पुण्यात पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली. २४ तारखेला आप्पासाहेबाने पेशव्यांकडून आलेली मानाची वस्त्रे दरबार भरवून स्वीकारली, जेंकिन्सने नको म्हणून बजावले असतानाही. दोन दिवसांनी बर्डीवर तोफा सुरू झाल्या. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली, कंपनीची साडेतीनशेहून जास्त माणसे मेली-जखमी झाली, फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मुसंडी मारली आणि पारडे फिरले. डिसेंबरात डव्हटन ताज्या पलटणी घेऊन आला. १६ तारखेला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत हजर झाला.

राजा शरण गेला तरी अरब गेले नाहीत. शहरात, राजवाड्याभोवती ते दबा धरून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला. आज आपण ज्याला गांधी गेट म्हणतो आणि ज्याच्याखालून महालात स्कूटर घालतो, तोच हा दरवाजा. भिंतीला भगदाड पाडून पलटणी आत घुसल्या, पण आजूबाजूच्या घरांतून अरबांचा असा मारा झाला की त्यांना मागे फिरावे लागले. शेवटी ३० डिसेंबरला अरब वाटाघाटी करून, सुखरूप वाट मागून बाहेर पडले. सीताबर्डीची लढाई सगळ्यांना पाठ आणि जुम्मा दरवाजाचा हा दिवस कोणाच्या गावीही नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

६ जानेवारी १८१८ च्या करारात राजाला गादी मिळाली, पण बर्डीच्या टेकड्या गेल्या, नर्मदाकाठचा मुलूख गेला, आणि कारभारी कोण असावेत हे जेंकिन्स ठरवू लागला. सव्वादोन महिन्यांत, १५ मार्चला, आप्पासाहेबाला अटक झाली. कारण? पत्रे. बाजीराव पेशव्याला चांद्याकडे बोलावणारा गुप्त पत्रव्यवहार पकडला गेला होता. परसोजीच्या खुनाची फाइलही आता कपाटातून बाहेर आली. अलाहाबादेकडे नेताना मे महिन्यात जबलपूरजवळ तो शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटला, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला राहिला, फिरत फिरत १८४० मध्ये जोधपूरकडे मेला. त्याच्या जागी बाजीबा गुजर हा दहाएक वर्षांचा पोर तिसरा रघूजी म्हणून बसवण्यात आला. राजा अज्ञान म्हणून राज्य सांभाळायची जबाबदारी जेंकिन्सने घेतली आणि १८२६ पर्यंत सांभाळली. फौजेसाठी कन्हानकाठी कामठीची छावणी वसली. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरा रघूजी निपुत्रिक वारला. राज्य खालसा करण्याच्या टिपणात डलहौसीने इथल्या कापसाचा हिशेबही मांडला. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल मातीमोल विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्यात लिलावाला गेले.

म्हणून खासगीपणाचा प्रश्न निघाला की मला जेंकिन्स आठवतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिले. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, पेगॅसस नावाचे इस्रायली हेरसॉफ्टवेअर व्हॉट्सॲपच्या वाटेने फोनमध्ये शिरवल्याचे बाहेर आले, तेव्हा व्हॉट्सॲपकडून सावधानतेचा निरोप मिळालेल्यांत नागपूरचे वकीलही होते. न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच होते असे ठामपणे म्हणता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही अशी नोंद झाली. 'माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे' असे म्हणणाऱ्यांना काय सांगावे! पुण्याहून वस्त्रे घेण्यातही एरवी लपवण्यासारखे काही नव्हते. पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. तह बदलला आणि रीत गुन्हा झाली.

परकी फौज कधीच कुठे जाऊ नये, असे मात्र मी म्हणणार नाही. १९७१ मध्ये भारतीय सैन्य पूर्व पाकिस्तानात शिरले ते योग्यच होते, असे माझे मत आहे. तेरा दिवसांत युद्ध संपले आणि १९७२ च्या मार्चमध्ये ढाक्यात निरोपाचे संचलन झाले. त्याउलट १९८७ मध्ये श्रीलंकेत आपली शांतिसेना तिथल्या अध्यक्षांच्या करारानिशी गेली, ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेली त्यांच्यातल्याच तमिळ वाघांशी लढत बसली, अकराशेहून जास्त जवान गमावून १९९० मध्ये परतली. तोवर कोलंबोतले नवे अध्यक्षच तिला जा म्हणत होते. फौज कोणाच्या भांडणात शिरली, खर्च कोण उचलतो आणि ती परत कधी गेली, हे विचारल्याशिवाय मी कोणत्याही हस्तक्षेपाच्या बाजूने हात वर करत नाही.

आणि हे विचारताना नागपूरकराने जपून बोलावे. ज्यांची तलवार आपण वाजतगाजत परत आणली, त्या पहिल्या रघूजींच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून जात होत्या, तेही तिथल्या दरबारातले तंटे हेरूनच. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने बोलणीच्या तंबूत भास्करपंत कोल्हटकरांना दगा देऊन मारले, हे आपण लक्षात ठेवले. बंगालने लक्षात ठेवले ते बर्गी, म्हणजे आपले स्वार. तिथल्या आया अजून पोरांना निजवताना अंगाईत त्यांची धास्ती घालतात. १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाने वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली आणि ओडिशा नागपूरकडे आला. तिथे आपण बावन्न वर्षे होतो. १८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी कटकचा बाराबाटी किल्ला घेतला, तेव्हा निघालो.