कान्हेरीची चढण आणि पाण्याची बाटली

विहारातून लेणी पाहायला जायचं ठरलं, की पुऱ्या, चटणी, चादरी यांची यादी आधी होते. पाण्याचा विचार शेवटी. मागे आमच्या वस्तीतून आम्ही कान्हेरीला गेलो, तेव्हा पायऱ्या चढताना एका मावशींना भोवळ आली. सावलीत बसवून विचारलं, तर सकाळपासून त्या घोटभरच पाणी प्यायल्या होत्या. "वाटेत लघवीला कुठं जायचं? म्हणून प्यायलेच नाही," त्या म्हणाल्या. सोबतच्या आणखी तीन-चार जणींनीही तेच केलं होतं. म्हणून हा लेख.

डोंगर कसा आहे

कान्हेरी लेणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे राखीव जंगल आहे. बोरिवली पूर्वेच्या मुख्य प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. त्यानंतर पायऱ्यांची चढण लागते.

ज्वालामुखीतून तयार झालेला हा काळा खडक आहे. 'कान्हेरी' हे नावही 'कृष्णगिरी', म्हणजे काळा डोंगर, यावरून आलं. काळा दगड ऊन पटकन शोषतो. खाली झाडी आहे, पण वरचा कातळ उघडा आहे. दुपारी डोक्यावर ऊन आणि पायाखालूनही झळ लागते.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे हजार वर्षं इथे भिक्खू राहिले. शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. बहुतेक लेण्यांपाशी पाण्याचं टाकं दिसतं. पावसाचं पाणी टाक्यात जावं म्हणून कातळात पन्हळी खोदल्या आहेत. या टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटलं आहे. कल्याणच्या एका सोनाराने अशी पोढी दान दिल्याची नोंद इथे कोरलेली आहे. राहण्याच्या खोलीइतकाच पाण्याचा विचार त्या लोकांनी केला होता. आज मात्र टाक्यातलं पाणी पिऊ नये.

अंगात काय होतं

चढताना घाम येतो आणि त्यावाटे पाणी व मीठ बाहेर पडतं. ते भरून निघालं नाही, तर रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयाला जास्त धडधडावं लागतं, डोकं दुखतं, पायात गोळे येतात, उभं राहताच चक्कर येते. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडतंय हे ओळखावं. पाणी न पिणं आणि लघवी रोखून धरणं, यातून पुढे लघवीची जळजळ व जंतुसंसर्गही होऊ शकतो.

दम लागला की काही जण म्हणतात, "वर हवा विरळ आहे." तसं नाही. विरळ हवेचा त्रास लेह-लडाखसारख्या, साधारण अडीच हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी होतो. आपला हा डोंगर पाचशे मीटरही नाही. इथे दम लागतो तो बहुधा सवय नसल्याने. पण घरचा एक जिना चढतानाही धाप लागत असेल, तर आधी रक्तातलं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या.

जाताना एवढं करा

- सकाळी लवकर निघा. दुपारच्या आत खाली या. सोमवारी उद्यान बंद असतं.
- माणशी किमान दोन लिटर पाणी घ्या. तहानेची वाट न पाहता थोडं थोडं प्या. हृदय वा किडनीचा आजार असेल, तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.
- एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून एक बाटली वेगळी ठेवा. चमचा चहाचा.
- स्वच्छतागृह कुठे कुठे आहे हे प्रवेशद्वारावरच विचारून घ्या आणि सर्वांना सांगा.
- चालता चालता बोलता यावं, एवढाच वेग ठेवा. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा.
- मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी चढू नये. खिशात साखर ठेवावी, अनवाणी चालू नये.
- उतरताना गुडघ्यावर ताण येतो. पावलं लहान टाका. पावसात शेवाळलेल्या कातळावर जाऊ नका.
- माकडांना खायला देऊ नका. माकड चावलं वा ओरबाडलं, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी वा महापालिकेच्या रुग्णालयात रेबीजची लस घ्या.
- जंगलात बिबटे आहेत. आडवाटेला जाऊ नका, मुलांना एकटं सोडू नका.

हे दिसलं तर थांबू नका

अंग तापलं आहे, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. छातीत दुखून हात वा जबड्याकडे कळ गेली, तर एक पाऊलही चालवू नका, लगेच मदत बोलवा.

आमच्या मावशी साखर-मिठाचं पाणी घेऊन अर्ध्या तासात सावरल्या. पुढच्या वेळी त्याच चैत्यापर्यंत चढल्या. आता आमच्या यादीत पहिली ओळ पाण्याची असते, दुसरी स्वच्छतागृहाची. पुऱ्या तिसऱ्या ओळीवर.