बॅटरीइतकीच पायांचीही काळजी घ्या

विजेच्या मोटारीने आंबोली घाटातून गोव्याला निघालेली मंडळी चार्जिंग कोठे करायचे, हे आधीच ठरवतात. चढणीला बॅटरी लवकर उतरते, हे त्यांना ठाऊक असते. पायांचे मात्र मला कोणी विचारत नाही.

सलग चार तास किंवा अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. धोका मुळात कमी असला, तरी गुठळी फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते.

म्हणून चार्जिंग चालू असताना गाडीत बसून राहू नका. थोडे चाला, पाणी प्या. बॅटरी शिल्लक असली तरी दर दोन तासांनी उतरा. प्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर चोळू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठा.