हृदयरुग्णाचा ताप साधा नसतो

हृदयविकाराने किती जण दगावले आणि सेप्सिसने किती, हे आकडे आरोग्य अहवालांत वेगवेगळे छापले जातात. प्रत्यक्षात अनेक रुग्णांमध्ये दोन्ही आजार एकत्र आलेले असतात. हृदय आधीच दुबळे, त्यात न्यूमोनिया किंवा लघवीच्या मार्गाचा संसर्ग होतो आणि एक-दोन दिवसांत प्रकृती हाताबाहेर जाते.

सेप्सिस म्हणजे केवळ रक्तात जंतू पसरणे नव्हे. संसर्गाशी लढताना शरीराची प्रतिकारयंत्रणा बेताल होते आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करते. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो. निरोगी हृदय ठोके वाढवून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. कमकुवत हृदयाला ते झेपत नाही. सेप्सिसमुळे हृदयाच्या स्नायूची ताकदही तात्पुरती कमी होऊ शकते.

उपचारातही पेच असतो. रक्तदाब घसरलेल्या सेप्सिसच्या रुग्णाला सुरुवातीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० मिलिलिटर सलाइन देण्याची पद्धत आहे. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला जवळपास दोन लिटर. हृदय नीट पंप करत नसेल तर हेच पाणी फुफ्फुसात साठू शकते. त्यामुळे डॉक्टरांना रुग्णाकडे सतत लक्ष ठेवून मात्रा ठरवावी लागते.

अमेरिकेतील चित्र

अमेरिकेत मृत्यूच्या प्रमाणपत्रावर मूळ कारणासोबत हातभार लावणारे आजारही नोंदवले जातात. त्यामुळे एकाच मृत्यूत हृदयविकार आणि सेप्सिस दोन्ही होते का, हे देशपातळीवर तपासता येते. तिथे दरवर्षी किमान १७ लाख प्रौढांना सेप्सिस होतो. त्यांपैकी किमान साडेतीन लाख जण रुग्णालयात दगावतात किंवा त्यांना अखेरच्या दिवसांच्या शुश्रूषेसाठी हलवावे लागते. हृदयविकाराचा मृत्युदर तिथे अनेक दशके घटत होता. २०१९मध्ये तो लाखामागे १६१.५ होता, करोनाच्या साथीत उलट फिरून २०२१मध्ये १७३.८ झाला.

हे ओझे सर्वांवर सारखे नाही. २०१९मध्ये ६५ वर्षांवरील अमेरिकनांत सेप्सिसशी संबंधित मृत्यू लाखामागे सुमारे २७७ होते. कृष्णवर्णीयांमध्ये हेच प्रमाण ३७७च्या आसपास होते. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा आणि ग्रामीण भागात शहरांपेक्षा जास्त आढळले. ६५ ते ७४ वयोगटाच्या तुलनेत ८५ वर्षांवरील लोकांत ते सुमारे पाचपट होते. पासष्टीनंतर तिथे बहुतेकांना सरकारी विमा मिळतो, तरीही ही दरी बुजत नाही. तरुणपणापासून नीट उपचार न झालेला रक्तदाब आणि मधुमेह, तसेच दूर असलेले रुग्णालय, यांची भरपाई म्हातारपणी मिळालेल्या विम्याने होत नाही.

वेळेचे महत्त्व न्यूयॉर्क राज्याने ओळखले. सेप्सिस लवकर ओळखण्याची ठरावीक कार्यपद्धती तिथे २०१३पासून रुग्णालयांना बंधनकारक आहे. अँटिबायोटिक आणि इतर प्राथमिक उपचार पूर्ण व्हायला लागणाऱ्या प्रत्येक तासागणिक मृत्यूची शक्यता वाढते, हे तिथल्याच नोंदींवरून दिसले.

भारतात असा हिशेब मांडणे अवघड आहे. २०२०मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले होते.

घरच्यांनी काय पाहावे?

वयस्कर रुग्णाला सेप्सिसमध्ये ताप येईलच असे नाही. अंग उलट गारही पडते. बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर नाडीचा वाढलेला वेग लपतो. म्हणून इतर खुणांकडे लक्ष हवे : अचानक असंबद्ध बोलणे किंवा गुंगी, धाप लागणे, हातपाय थंड पडणे, लघवी कमी होणे, नेहमीपेक्षा खूप खाली आलेला रक्तदाब. संसर्गाची शंका असताना यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि ‘सेप्सिस तर नाही ना?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी.

संसर्ग टाळणे हा सर्वांत स्वस्त उपाय. फ्लू झाल्याचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट वाढतो, असे कॅनडातील संशोधकांनी २०१८मध्ये दाखवले. हृदयरुग्णांनी दरवर्षी फ्लूची आणि सल्ल्यानुसार न्यूमोनियाची लस घ्यावी. पायाची जखम, दातांचे दुखणे, लघवीची जळजळ अंगावर काढू नये.